आत्या, गुणोत्तर आणि न झालेली सही

आत्या गेल्याचा फोन अण्णांचाच आला. मी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. "सुजे, अक्का गेली गं..." एवढं म्हणून माझे वडील फोनवर हमसून हमसून रडायला लागले. मला रडू आलं नाही, मला राग आला. मंद्रूपहून आठवड्यातून दोनदा भाजी घेऊन सोलापूरला येणारा हा माणूस, बाजारापासून आत्याची शुक्रवार पेठ चालत जाण्याइतकी जवळ, आणि तरी पंधरा-सोळा वर्षं बहिणीच्या दारात पाय ठेवला नाही. आता हे रडू कुठून आणलंत, असं अगदी ओठावर आलं होतं. "निघते मी," म्हणाले आणि फोन ठेवला. त्याला आता काही आठवडे झाले. राग उतरेल म्हणून वाट पाहिली, तो काही उतरत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. माणूस गेलं की त्याच्याबद्दल गोड गोड लिहायची रीत आहे. ती मला जमायची नाही, आणि आत्याला तर ती मुळीच चालली नसती.

कमल आत्या ही तिघा भावंडांत थोरली. तिच्या पाठचे आमचे अण्णा आणि त्यांच्या पाठचे काका. तिने शहरातल्या एका मुलींच्या शाळेत सगळी नोकरी गणित शिकवण्यात घालवली. मूलबाळ नव्हतं. मामा, म्हणजे तिचे यजमान, काही वर्षांपूर्वी गेले. निवृत्त झाल्यावर शुक्रवार पेठेतल्या भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत ती दर रविवारी गल्लीतल्या मुलींना फुकट शिकवायची. फुकट म्हणजे प्रेमाने असं कुणी समजू नका. ती भयंकर रागीट होती. तेराव्याला एक माजी विद्यार्थिनी माइक हातात घेऊन म्हणाली, "बाई गणित हसत-खेळत शिकवायच्या." मला हसूच आलं. हसत-खेळत? आत्या पट्टी आपटून आपटून शिकवायची. मुलींना तिने कधी मारलं नाही, पण तिच्या लोखंडी पलंगाच्या कडेचा रंग त्या पट्टीने उडाला होता.

तिच्या रागाचीही एक तऱ्हा होती. पाढा चुकला तर ती काही बोलायची नाही. गुणाकार गंडला तर "पुन्हा कर" म्हणायची. पण गुणोत्तराचा धडा आला आणि एखादी मुलगी "हे काटायचं आणि ते काटायचं" असं म्हणाली की हिचा पारा चढलाच. मी ते स्वतः भोगलंय. सातवीच्या चाचणीत गणितात माझा निकाल लागला होता, म्हणजे दिवे लावले होते. आईने अण्णांना न सांगता मला रविवारी वडापच्या जीपमध्ये बसवलं आणि आत्याकडे पाठवून दिलं. तेव्हा दोन्ही घरांत बोलणं बंद झालेलं होतं, त्याची गोष्ट पुढे सांगते. पहिल्याच दिवशी आत्याने पाटीवर पंधरास दहा लिहिलं आणि म्हणाली, संक्षिप्त रूप दे. मी पटकन दोन्हींवर तिरक्या रेघा मारल्या आणि तीनास दोन लिहिलं. उत्तर बरोबर होतं. शाबासकी मिळेल म्हणून मी वर पाहिलं, तर बाईसाहेब लाल.

"ह्या रेघा कसल्या?"

"काटलं की, आत्या. पाचनं."

"काटलं म्हणजे कुठं गेलं ते?"

"कुठं म्हणजे... गेलं."

"गेलं?" पट्टी पलंगावर. "पंधरा होते त्याचे तीन झाले, बारा गेले कुठं? कुणी खाल्ले?"

मग ती आत जाऊन दोन डबे घेऊन आली. एकातून पंधरा शेंगदाणे मोजून काढले, दुसऱ्यातून दहा फुटाणे, आणि म्हणाली, ह्यांचे सारखे ढीग पाड, असे की प्रत्येक ढिगात दोन्ही आले पाहिजेत आणि एकही दाणा उरला नाही पाहिजे. मी बराच वेळ खटपट केली. शेवटी पाच ढीग झाले, प्रत्येकात तीन शेंगदाणे आणि दोन फुटाणे. "बघ आता. काय गेलं का?" नव्हतं गेलं. सगळे दाणे समोर चटईवर होते. "प्रत्येक ढिगात तीनास दोनच आहे की नाही? मग सगळ्यात मिळूनही तीनास दोनच. ढीग किती आहेत एवढं सांगायचं आपण सोडलं, दाणे नाही सोडले. लिहायला लहान केलं म्हणून कुणाचा वाटा लहान होत नाही, सुजे. काटणं हा शब्द माझ्या घरात बोलायचा नाही." त्यानंतर ते दाणे आम्ही दोघींनी खाल्ले. ती खातानासुद्धा माझ्याकडे रागानेच बघत होती.

दोन संख्यांचं जमायला लागल्यावर तिने तीन संख्या दिल्या. बारास आठास सहा. मी बाराला आणि आठला चारने भाग जातो हे पाहिलं, खूश झाले, तीनास दोन लिहिलं आणि सहा तसाच उतरवला, कारण सहाला चारने भाग जात नव्हता. तीनास दोनास सहा. आत्याने पाटी हातात घेतली आणि पट्टी न आपटता खाली ठेवून दिली... त्याचीच जास्त भीती वाटली. मग म्हणाली, "दोघांना चारनं भागलंस. तिसरीला का सोडलंस? ती काय पाहुणी आली होती?" मी म्हटलं, आत्या, तिचं काही कमी नाही केलं, उलट ती मोठीच राहिली. "मोठी ठेवली तरी चूकच. लहान केली तरी चूकच. भागायचं तर तिघांना एकाच आकड्यानं भागायचं, नाहीतर कुणालाच हात लावायचा नाही. दोघांना भागून तिसरीला बाजूला बसवायचं, हा हिशोब कुठल्या गावचा?" मग दोनने भागून सहास चारास तीन आलं. मला वाटलं, एका चुकीसाठी केवढा हा संताप! ती पाटीशी बोलत नव्हती हे कळायला मला आणखी बरीच वर्षं लागली.

आता ती गोष्ट. आजोबा गेले तेव्हा मागे अठरा एकर जमीन होती आणि तीन लेकरं. आमच्या भागात बाप गेला की महिन्या-दोन महिन्यांत बहिणींकडून हक्कसोड करून घेतात. बापाच्या जमिनीतला माझा हिस्सा मी राजीखुशीने भावांना सोडते, असं बहिणीने लिहून द्यायचं, भावाने तिला साडी-चोळी करायची, ओटी भरायची आणि दोघांनी डोळे पुसायचे. न सोडणारी बहीण म्हणजे माहेरावर टपलेली. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अण्णा रीतीप्रमाणे हिरवी इरकल घेऊन शुक्रवार पेठेत आले. आई सोबत होती आणि मीही होते. चहा झाला. अण्णांनी साडी तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "अक्का, मंगळवारी कचेरीत यायला लागतंय बघ. सहीपुरतं. धा मिन्टाचं काम हाय."

आत्याने साडीची घडी उलगडून काठ पाहिला. "सोडते की," ती म्हणाली. मला चांगलं आठवतंय, ती 'सोडते' म्हणाली होती. "मला शेती करायला यायची नाही रे आता. पण आधी माझं किती ते सांग."

"किती म्हंजे? सोडायचंच हाय न्हवं? मग ते कशाला काढायचं?"

"सोडायचं आहे म्हणूनच काढायचं. काय सोडतेय ते मला कळायला नको?"

"अगं, तुझं काय तितं... शून्य धर की."

"शून्य असेल तर सही कशाला मागतोस? ज्याचं काहीच नाही त्याच्याकडून कुणी लिहून घेतं का? सही मागतोस म्हणजे आहे. आहे तर किती ते तोंडानं म्हण. तू एकदा म्हण, मी मंगळवारी येते."

अण्णांनी टोपी काढून पुन्हा घातली. हिशोबात ते कच्चे नव्हते हो. लहानपणी त्यांना पाढे आणि वाटण्याची गणितं ह्याच अक्काने शिकवली होती. अठराला तीनने भागायला त्यांना कागद लागत नव्हता. एक आकडा म्हटला असता तर सही झाली असती, सगळी जमीन दोघा भावांची झाली असती आणि बहीणही राहिली असती. पण तो आकडा म्हणणं म्हणजे बहिणीचं होतं आणि आपण घेतलं हे कबूल करणं. ते त्यांच्याच्यानं होईना. "रीत ती रीत, अक्का. तू शाळेतलं हितं आणू नको," म्हणून ते उठले. आत्या म्हणाली, "साडी चांगली आहे, ही ठेवून घेते. सही नाही." आणि खरंच ठेवून घेतली! पुढे कितीतरी रविवारी तीच साडी नेसून ती आम्हाला गुणोत्तर शिकवायला बसायची. आईने एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाली, "भावाने दिलीय, का नको नेसू?"

त्या दिवसानंतर माहेर तुटलं. पंचमीला बोलावणं नाही, भाऊबीज नाही. मामा गेले तेव्हा अण्णा स्मशानात आले, घरी आले नाहीत. जमीन अण्णा आणि काका कसत होते, पिकं घेत होते, आत्याने कधी त्यातलं ज्वारीचं पोतं मागितलं नाही की कोर्टात गेली नाही. तिने फक्त सही केली नाही. आणि इथे मला आत्याचाही राग येतो, तो लपवून काय करू? सहा महिन्यांपासून तिला जिना चढताना दम लागत होता हे शेजारच्या बायकांना माहीत होतं, मला नाही. मी गेले की पंखा लावून बसायची आणि "काही नाही, उकडतंय" म्हणायची. मी रोज लोकांचं रक्त तपासते, माझ्याकडून एक साधी तपासणी करून घेतली नाही. मी एकदा म्हटलं होतं, आत्या, तूच फोन कर ना अण्णांना, एका आकड्यासाठी किती वर्षं धरून बसणार? तर म्हणाली, "मी काहीच धरलेलं नाही. त्यानं धरलंय. त्यानं म्हटलं की सुटलं." दोघंही हट्टी, एका आईची. एक पंख्याखाली दम लागून बसलेली, एक चार गल्ल्या पलीकडे भाजी विकत उभा... कुणाकुणावर चिडायचं?

आणि मग तेरावा. तो अण्णांनी मंद्रूपला आमच्या दारात घातला, मोठा मांडव टाकून. जिला पंधरा वर्षं जेवायला बोलावलं नाही तिच्या नावाने गाव जेवलं. जेवणं झाल्यावर चार माणसं बोलली, तसे अण्णाही उभे राहिले. डोळे पुसत म्हणाले, "माझी अक्का देवी हुती. एक गुंटा मागितला न्हाय तिनं. बापाची अठरा एकर हासत हासत सोडली भावांस्नी." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी जागेवरून उठले आणि विचारलं, "अण्णा, सही कुठाय?" काकांनी दंडाला धरून मला मागे ओढलं. "आता कशाला गं त्ये? बाई गेली की," असं कुणीतरी म्हणालं. बाई गेली म्हणूनच तर विचारत होते! बाई असती तर तिनेच विचारलं असतं.

पण खरी गंमत पुढे आहे. आमचे एक पाहुणे वकील आहेत. मला शांत करायला ते हळूच म्हणाले, "पोरी, तू उगाच तापलीस. कमलताईंना मूलबाळ नाही, यजमान नाहीत. बापाकडून आलेला हिस्सा आता तसाही भावांकडेच परत येतोय. सही असली काय, नसली काय." म्हणजे जमीन मिळणारच होती. खोटं बोलायची काही गरजच नव्हती. मग बोलले कशाला? मी मांडवात बघत राहिले. माझा धाकटा भाऊ सागर पाण्याचे ग्लास गोळा करत होता. अण्णांचं बोलणं ऐकून दोन-तीन म्हाताऱ्या बायका आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघून मायेने हसल्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते भाषण गेलेल्या आत्यासाठी नव्हतंच. ते माझ्यासाठी होतं. देवी कशी असते, हसत हसत कसं सोडते, हे मला चार माणसांत सांगून झालं होतं. उद्या माझ्याही मांडीवर इरकल येणार. माझी आत्या जन्मभर जे म्हणाली नाही ते तिच्या तोंडात घालून, तिचीच गोष्ट माझ्यावर चालवायची? माझ्यासाठी झाकून ठेवलेलं तेराव्याचं पान तसंच टाकून मी सोलापूरला निघून आले.

घरमालकाला खोल्या रिकाम्या करून हव्या होत्या. म्हणून गेल्या रविवारी सामान आवरायला मी शुक्रवार पेठेत गेले, तर दारात सहा-सात मुली दप्तरं घेऊन उभ्या. चाचणी जवळ आली होती, धडा गुणोत्तराचाच, आणि बाई गेल्या तरी रविवार आला म्हणून त्या आल्या होत्या. त्यांना परत कसं पाठवणार? चटई अंथरली, पाटी काढली. आफरीन नावाची एक बारकी मुलगी तीन-तीन संख्यांचे सारखे ढीग इतके सुरेख पाडत होती की माझा राग घटकाभर निवला. तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला. कपाट न्यायला अण्णा आले होते. इतक्या वर्षांनी उंबरा ओलांडला आणि पलंगाच्या कडेवर टेकले. मुली असल्यामुळे मला काही बोलता येईना, त्यांनाही बोलता येईना. हमालाची वाट बघत ते भिंतीकडे पाहत राहिले. आणि माझा राग परत असा उसळून आला की मी मुद्दाम, त्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात गणित घातलं. "एका माणसाची अठरा एकर जमीन. तीन लेकरं. दोन मुलगे, एक मुलगी. सगळ्यांना सारखी वाटायची. कुणाला किती? आणि गुणोत्तर काय?"

अण्णांनी मान खाली घातली. बसू दे, म्हटलं, चांगलं वर्मी बसू दे.

पण उत्तर मी विचार करायच्या आत आलं. श्रावणी म्हणून एक हुशार मुलगी आहे, वर्गात पहिली येणारी. "बाई, नऊ-नऊ एकर. एकास एक."

मला वाटलं तिने नीट ऐकलं नाही. बाकीच्यांच्या वह्या पाहिल्या. नऊ. नऊ. नऊ. आफरीनचीसुद्धा नऊ. आतापर्यंत तीन-तीन संख्या न चुकता भागणाऱ्या मुली ह्या, सगळ्यांनी दोनने भागलं होतं.

"अगं, नऊ कसे?"

"दोन पोरं हायत न्हवं का, बाई," श्रावणी मला समजावत म्हणाली. "पोरगी लग्न करून जाती की. ती कुटं घेती?" आणि बाकीच्या, त्यात काय विचारायचं अशा चेहऱ्याने, माझ्याकडे बघत होत्या.

मी अण्णांवर उचललेला दगड कुठे जाऊन लागला होता! पट्टी हातात होती, ती आपटायचंही सुचलं नाही. तेवढ्यात मागून अण्णांचा आवाज आला, हिशोब चुकला की कुणीही सहज म्हणतो तसा.

"आगं पोरींनो, बाईंनी तीन लेकरं सांगितली न्हवं? पोरगी बी धरायची की. तिगांस्नी सा-सा एकर येतंय. एकास एकास एक."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. माझ्याकडे बघून ते "सुजे..." म्हणाले. मुलींनी नऊ खोडून सहा लिहिलं. हमालाने दारातून हाक दिली, कपाट कुठलं न्यायचं म्हणून. मला त्या क्षणी बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. अंगाचा नुसता भडका उडाला. एवढं एकच वाक्य ऐकायला माझी आत्या ह्याच खोलीत, ह्याच पलंगावर इतकी वर्षं बसून राहिली, आणि ते ह्यांनी म्हटलं कुणाला, तर नावही माहीत नसलेल्या पोरींना, त्यांचं उत्तर चुकलं म्हणून.